कानातला जोर

उद्या सकाळी भर दरबारात लिंगाप्पा वस्तादांसमोर कुस्तीवर बोलायचं, आणि बोलणं अडाण्याचं ठरलं तर दिवस मावळायच्या आत बिऱ्हाड उचलायचं, असा हुकूम यमाजी तांबोळ्याला झाला.

यमाजी हरणगडच्या हैबतराव महाराजांना विडे करून देत असे. ही चाकरी त्याच्या आजोबांपासून घरात होती. चाकरीबरोबर राजवाड्याच्या तटाला लागून दोन खणांचं घर मिळालं होतं आणि परसात आजोबांनीच लावलेली पानवेल होती. हे सगळं कुस्तीपायी जाणार होतं, आणि यमाजीला तर कुस्तीतलं ओ की ठो कळत नव्हतं. दोन उघडी माणसं एकमेकांना धरतात कशाला, आणि एकदा धरल्यावर सोडत का नाहीत, हे कोडं त्याला लहानपणापासून सुटलं नव्हतं.

पण हरणगडात हे बोलून दाखवायची सोय नव्हती. महाराजांना कुस्तीचं वेड. दाढी करताना कुस्ती, जेवताना कुस्ती, तोंडात विडा असतानाही कुस्तीच! मग यमाजीने आपल्यापुरती एक युक्ती काढली. महाराज रविवारी जे बोलत ते तो नीट ऐकून ठेवी आणि गुरुवारी स्वतःचं म्हणून महाराजांनाच ऐकवी. महाराजांना ते तंतोतंत पटे. काही नवं बोलायची वेळ आलीच तर "पण दम होता हो गड्यात" एवढं म्हटलं की भागे, कारण ते कुठल्याही पैलवानाला चालून जाई. "यमाजी, नजर पक्की आहे बघ तुझी," असं म्हणत महाराज मांडी थोपटत. अशी अकरा वर्षं सुखात गेली.

हे खुपलं आबाजीपंत कारभाऱ्यांना. कुस्तीत महाराज कारभाऱ्याला विचारत नाहीत आणि पानवाल्याला विचारतात, हे त्यांनी सोसावं तरी किती? त्यांनी यमाजीवर पाळत ठेवली. जत्रेच्या मैदानात सगळा गाव श्वास रोखून बसला होता, तेव्हा हा गृहस्थ मान खाली घालून पानांना चुना लावत होता. पंतांनी ते लगेच महाराजांना सांगितलं.

महाराज हट्टी. आपण ज्याला जाणकार म्हटलं तो जाणकार असलाच पाहिजे, आणि नसेल तर तो गावात नसला पाहिजे, असं त्यांनी ठरवून टाकलं. पारख करायला परमुलखातून लिंगाप्पा वस्तादांना बोलावणं गेलं. वस्ताद साठीचे, फटकळ, आणि भीड कशाशी खातात हे त्यांना ठाऊक नव्हतं.

यमाजीची बायको म्हणाली, महाराजांचे पाय धरा आणि खरं सांगून टाका.

"खरं सांगितलं तर अकरा वर्षांच्या खोट्यापायी जाईन," यमाजी म्हणाला. "त्यापेक्षा महाराजांचंच बोलणं बोलतो. ते चूक आहे असं म्हणायची छाती कुणाची आहे ते तरी बघू."

दुसऱ्या दिवशी दरबार खच्चून भरला. महाराजांनी खूण केली. यमाजीने आवाज ठणठणीत ठेवला.

"वस्ताद, पैलवानाचा खरा जोर कानात असतो. जितका कान चपटा, तितका जोर जास्त. मी पैलवान पारखतो तो कान बघून."

महाराजांनी खूश होऊन मान डोलावली. हे त्यांचं लाडकं मत होतं. गेल्या महिन्यात पायांना तेल चोळून घेताना त्यांनी ते तीनदा सांगितलं होतं. फक्त ते आपण सांगितलं की यमाजीने, हे त्यांच्या लक्षात राहिलं नव्हतं.

वस्ताद मात्र ताडकन उठले.

"कान मातीत घासून मोडतो रे! जोर असतो कमरेत आणि पायांत. कानाने कुस्ती मारता आली असती तर गाढवाने कधीच मैदान जिंकलं असतं."

दरबार खदाखदा हसला. महाराजांची मान अर्ध्यावरच थांबली. आता त्यांना सगळं आठवलं होतं, आणि ते वरची झुंबरं मोजू लागले.

"हे ज्ञान तुला दिलं कुणी?" वस्ताद गरजले. "त्या शहाण्याचं नाव सांग. सहा महिने माझ्या तालमीत माती उकरायला लावतो त्याला."

पंतांना तर आनंदाचं भरतं आलं. ते म्हणाले, "बोल यमाजी. मत तुझं असेल तर तू अडाणी, घर सोड. दुसऱ्याचं असेल तर नाव घे. त्याशिवाय इथून हलायचं नाही."

मत आपलं म्हणावं तर घर जातं, आणि खरं नाव घ्यावं तर डोकं जातं. त्याने एकदा महाराजांकडे पाहिलं.

"नाव आहे," तो म्हणाला. "पण माणूस मोठा आहे. आधी सरकारांच्या कानात सांगतो. मग सरकारांना वाटलं तर दरबाराला सांगेन."

महाराजांनी नाइलाजाने मान पुढे केली. यमाजी जवळ गेला आणि हलकेच म्हणाला, "सरकार, नाव कुणाचं सांगू?"

महाराजांच्या मिशा थरथरल्या, पोट हलायला लागलं आणि ते असे हसत सुटले की हुजऱ्याला पाण्याचा तांब्या घेऊन धावावं लागलं. दरबाराला काहीच कळेना, पण महाराज हसतात म्हणून तोही हसू लागला.

"वस्ताद," महाराज डोळे पुसत म्हणाले, "त्या माणसाला आम्ही चांगलं ओळखतो. त्याला कुस्तीतलं काही कळत नाही, हे मात्र आम्हाला आजच कळलं."

त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून यमाजीच्या हातात घातलं. तटाजवळचं घर पानवेलीसकट त्याला वंशपरंपरा लिहून दिलं.

पंत अजून तिथेच घुटमळत होते. "पण सरकार, त्या माणसाचं नाव काय?"

"सांगतो की," महाराज म्हणाले, "पण माती उकरायला त्याच्याऐवजी तुम्ही जायचं."