पळणारा बाण

“...पण मी हात लावला की तो पळतो कसा, महाराज?”

मेघश्यामने संगणकाच्या पडद्याकडे बोट दाखवलं. भानुगिरी महाराजांची नजर गेली होती, तरी त्यांनी मान त्या बाजूला वळवली.

“कोण पळतो?”

“बाण. माउस फिरवला की पडद्यावर फिरतो तो. आज सकाळपासून मी एका शब्दावर न्यायला जातो आणि हा भलतीकडेच उडतो.”

“अरे वा.”

“वा काय महाराज! उद्या सकाळी मजकूर छापखान्यात जायचाय.”

जायचाच होता. महाराजांच्या गुरूंचे, कोंडगिरीबुवांचे, बोल त्या संगणकात उतरत होते. बुवांनी जन्मात एक ओळ लिहिली नाही. त्यांना ऐकलेली माणसं एकेक करून गेली, उरले एकटे भानुगिरी. ते आठवून सांगत आणि मेघश्याम टाइप करी. महाराजांचा खोकला ऐकता हे काम पुन्हा होणे नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

मेघश्याम पूर्वी कॉलेजात मराठी शिकवायचा. मठात आला तेव्हा त्याने डोक्यावरचे केस उतरवले. पदव्या काही उतरवल्या नाहीत.

“काय काय करून पाहिलंस?”

“सगळं. माउस पुसला. खाली पांढरा कागद घातला. संगणक बंद करून चालू केला. व्हायरस शोधला, तोही नाही.”

“टाइप करताना पळतो?”

“नाही. तेव्हा गरीब गाईसारखा असतो.”

“मग टाइप करत राहा.”

मेघश्याम हसला. महाराजांवर त्याचा जीव होता, पण संगणकातलं त्यांना काय कळणार, असं ते हसू होतं.

“पुढचं सांगा, महाराज.”

महाराजांनी मांडीवरची घोंगडी सारखी केली.

“एकाने बुवांना विचारलं, देव कुठे भेटेल? बुवा म्हणाले, मला काय ठाऊक. मी चूल पेटवतोय. थांबलास तर भाकरी मिळेल.”

कळफलक खडखडला. मग थांबला. मेघश्यामने माउस धरला आणि बाण मागच्या ओळीकडे नेला. शब्दाच्या तोंडाशी आलेला बाण एकदम वरच्या कोपऱ्यात जाऊन बसला. त्याने पुन्हा आणला. पुन्हा तेच.

“बघा! बघा कसा करतोय!”

“मला कुठे दिसतंय... तू काय करत होतास?”

“काही नाही. एक शब्द नीट करत होतो.”

“चुकीचा पडला होता?”

“नाही, तुम्ही सांगितला तसाच पडला होता.”

“मग?”

मेघश्यामने माउस सोडला.

“महाराज, हे पुस्तक जाणत्या लोकांच्या हाती जाणार. गुरूच ‘मला काय ठाऊक’ म्हणतो, हे वाचून लोक हसतील. बुवांना हसलेलं मला नाही सहन व्हायचं. मी लिहितोय, ‘ते तत्त्व अनिर्वचनीय आहे.’ अर्थ तोच.”

“आणि भाकरी?”

“तिथे ‘ज्ञानरूपी अन्न’.”

...

“बुवांची भाकरी मी खाल्लीय,” महाराज म्हणाले. “करपलेली असायची.”

मेघश्यामला वाईट वाटलं. पण कालपर्यंत अख्खं पुस्तक नीट करून झालं होतं आणि आजचे एवढेच बोल राहिले होते. त्याने बाण पुन्हा त्या शब्दाकडे ढकलला.

बाण उडाला. या वेळी खोलीत कापडावर काहीतरी घासल्याचा आवाज आला, म्हणून त्याने वळून पाहिलं. महाराजांच्या मांडीवर घोंगडी होती आणि घोंगडीखाली त्यांचा हात हलत होता.

त्याने घोंगडी उचलली.

हाताखाली दुसरा माउस होता, बिनवायरचा. मध्यंतरी एका भक्ताने मठाला दिला होता. मेघश्यामला तो आवडला नाही. त्याने आपला वायरचा माउस पुन्हा जोडला आणि हा कोनाड्यात टाकला. त्याचे इशारे संगणकाला पोचवणारी नखाएवढी खुंटी संगणकाच्या पाठीमागे तशीच राहिली, ती काढायचं काही त्याला सुचलं नाही.

“महाराज... तुम्ही?”

“खडखड चालू असते तोवर मी हात हलवत नाही,” महाराज म्हणाले. “खडखड थांबते, तू माउस धरतोस... तेव्हा हलवतो.”

मेघश्यामचे कान तापले. गुरूवर रागवावं की पाया पडावं, हे त्याला कळेना.

“पण असं कसं चालेल? एका बाणाला दोघांचे हात! कोणीतरी एकानेच धरायला हवा ना?”

“खरंय तुझं.”

महाराजांनी मांडीवरचा माउस उचलून बाजूला ठेवला. दोन्ही हात जोडून घेतले.

“आता ने.”

मेघश्यामने माउस सरकवला. बाण सरळ गेला. ‘मला काय ठाऊक’वर जाऊन उभा राहिला, जरासुद्धा हलला नाही.

...

“पोचला का?”

“पोचला, महाराज.”

मेघश्यामचं बोट माउसवर होतं. ते दाबलं जाईना.

“बरं झालं,” महाराज म्हणाले. “मग आता पुस्तकावर नाव कोणाचं घालतोस?”