उतराईचं खोरं

घाटातली वाट बैलाला अजून ठाऊक नव्हती, तेव्हाची ही गोष्ट.

खाली खाडीकाठी वेळसरी नावाचं गाव होतं. एका वर्षी उधाणानं बांध फुटला आणि खारं पाणी भाताच्या शेतांत शिरलं. तीन वर्षं लोकांनी बांध घातले, तीन वर्षं समुद्रानं ते नेले. शेवटी विहिरीही खाऱ्या झाल्या. तेव्हा दुलबा गावकरानं, म्हणजे गावाच्या प्रमुखानं, सांगितलं की आता वर घाटावर जायचं.

ज्यानं त्यानं आपापलं उचललं. देवी मात्र राहिली. देवी म्हणजे एक काळी शिळा, मडक्याएवढी. गुरवानं बजावलं होतं की जे डोकं तिला उचलेल त्यानंच ती उतरवायची, आणि जिथं ती उतरेल तिथंच गाव बसेल. हे ऐकून कुणी पुढं होईना. जागा चुकली तर जन्माचा दोष लागणार.

गावात बयजा नावाची एक विधवा होती. घाट चढून मीठ विकायची. तिनं जुन्या लुगड्याची चुंबळ वळली, डोक्यावर ठेवली आणि म्हणाली, मिठाहून काय जड असणार.

पहिले दोन दिवस खरंच जड नव्हती, असं म्हणतात. तिसऱ्या दिवशी नदीकाठची जागा लागली. बयजा थांबली. दुलबा म्हणाला की इथं पूर येईल, अजून थोडं पुढं. मग माळ लागला. तिथं म्हणे वारा फार. मग रान लागलं, तिथं वाघ. दर वेळी माणसं भांडत आणि दर वेळी शिळा वजनानं वाढे. बयजा बसल्या बसल्याच झोपे, आणि तिची धाकटी जाऊ चंद्री दोन्ही हातांनी शिळा धरून राही. पेजही तीच भरवी. बयजाला आता आभाळ दिसत नव्हतं, नुसती पुढच्याची पावलं दिसत.

नवव्या दिवशी एका उघड्या बरडावर ती उभी राहिली. सावली नाही, पाणी नाही. दुलबा मागं आला.

"बयजे, समोरच्या डोंगरापलीकडे बघू. अजून थोडं."

"गावकर, इथं काय वाईट आहे ते तुम्ही सांगाल," ती म्हणाली. "ते खरंही असेल. पण माझी मान संपली." मग हळूच म्हणाली, "चंद्रे, हात लाव."

दोघींनी शिळा खाली ठेवली.

लोक चिडले. बारा गड्यांनी पहारी लावल्या, शिळा हलली नाही. बयजा सरळ उभी राहायला गेली, पण मान वर झाली नाही. तिनं चुंबळ काढून जमिनीवर टाकली. नऊ दिवसांच्या घामानं ती चिंब झाली होती. तिच्याखालची माती ओली झाली, मग गोल पाझर फुटला, आणि दिवस मावळेपर्यंत घोट्याएवढं पाणी साचलं. चंद्रीनं चाखलं. गोड होतं.

नदी मागं टाकल्यापासून पहिल्यांदा पोटभर गोड पाणी. सगळे नुसते बसून प्यायले. दुलबानं ओंजळ भरून आधी बयजाला नेली. ती प्यायली, शिळेला टेकली आणि म्हणाली, "मला उठवू नका."

कुणी उठवलं नाही. सकाळी देवीशेजारी दुसरी एक शिळा होती, जरा कललेली, असं म्हणतात.

त्या बरडावर आणि खालच्या खोऱ्यात आज सात गावं आहेत. खोऱ्याला उतराईचं खोरं म्हणतात आणि देवीला उतराई. सातही गावांच्या निशाणावर एक गोल कडं आहे, ती चुंबळ. लग्नात नव्या सुनेच्या डोक्यावर इथं कळशी देत नाहीत, कोरी चुंबळ देतात. दुलबाच्या घराण्यातला माणूस दर वर्षी पहिली ओंजळ त्या कललेल्या शिळेवर सोडतो, आणि त्या दिवशी त्यानं कुणाला काही सांगायचं नसतं.

उतराईची पालखी मात्र निघत नाही. पुष्कळ चालून झालं आहे तिचं, म्हातारी माणसं सांगतात. आणि खोऱ्यात कुणी डोक्यावर भारा घेऊन आला, तर त्याला नाव-गाव मागाहून विचारतात. आधी दोघं पुढं होतात आणि भारा उतरवून घेतात.