अकरी रंग

नदीकाठच्या एका गावी कोंडाजी नावाचा निळारी होता. निळीच्या रांजणात कापड बुडवून रंगवायचं, हा त्याच्या घराण्याचा धंदा. एका बुडीत रंग फिकाच चढतो. बारा बुड्या दिल्या की गर्द होतो. त्या रंगाला लोक बारबुडी म्हणत. दर बुडीला कापडाच्या टोकाच्या सुट्या धाग्यांत, म्हणजे दशीत, एक गाठ मारायची, ही निळाऱ्यांची रीत.

गावच्या देशमुखांचं रंगकाम तीन पिढ्या कोंडाजीच्या घरात होतं. एका माघात देशमुखांच्या मुलीचं लग्न ठरलं. व्याह्यांच्या मानकऱ्यांसाठी बारबुडी पागोटी हवी होती. अकरा बुड्या झाल्या आणि कडाक्याची थंडी पडली. रांजण गारठला. नीळ कापडाला धरेना. लग्न दोन दिवसांवर आलं.

बायको सगुणा म्हणाली, "अहो, बारावी गाठ मारून टाका. मांडवात पागोटं बघतात, दशी कोण हुंगतंय?"

"गाठ मारायला आधी बुडी लागते."

"आणि वाड्याचं काम गेलं तर? ताठा शिजवून खायचा का?"

कोंडाजीने पागोटी वाळवून त्यांच्या घड्या घातल्या. अकरा गाठींची पागोटी घेऊन तो देशमुखांपुढे उभा राहिला.

"सरकार, ही बारबुडी नव्हे. एक बुडी कमी आहे."

देशमुख संतापले. "मग व्याह्यांना रंग कोणता सांगू?"

"अकरी सांगा. बारबुडी सांगाल, तर दशीतल्या गाठी मोजून तेच तुम्हाला सांगतील, एक बुडी कमी आहे."

दुसरी पागोटी आणायला वेळ नव्हता. देशमुखांनी तीच घेतली. वाड्याचं काम मात्र त्याच दिवशी शेजारगावच्या निळाऱ्याला दिलं. त्या वर्षी कोंडाजीने बाजारात बसून फडकी विकली. सगुणा टोमणे मारायची, तो ऐकून घ्यायचा.

मांडवात व्याह्यांनी रंगाचं नाव विचारलंच. देशमुख नाइलाजाने म्हणाले, "अकरी."

व्याह्यांना तो रंग आवडला. वर्षभर धुऊनही तो तसाच राहिला. त्यांनी आणखी अकरी पागोटी मागवली. देशमुखांनी नव्या निळाऱ्याला बोलावलं. तो सात बुड्यांच्या कापडालाही बारा गाठी मारत असे. त्याची पागोटी पहिल्याच धुण्यात विटली. अखेर देशमुखांचा कारभारी कोंडाजीच्या दारात आला.

"आता ऊन चांगलं आहे," कोंडाजी म्हणाला. "बारबुडी देतो."

"नको. व्याह्यांना अकरीच हवी. आणि वाड्याचं काम पुन्हा तुमच्याकडे, असं सरकारांनी सांगितलंय."

कोंडाजीने होकार दिला. पागोटी रांजणात सोडली. अकरा बुड्या दिल्या, अकरा गाठी मारल्या. रांजण तापलेला होता, नीळ जोरात होती, बारावी बुडी सहज बसली असती. कोंडाजीने हात धुतले आणि पागोटी वाळत घातली.

त्या भागात त्या निळ्याला अजून अकरी म्हणतात.

तात्पर्य: जेवढं काम केलं तेवढंच सांगावं. कमी सांगावं लागलं तरी लाजू नये, आणि जे सांगितलं त्यापुढे जाऊ नये.