बिरजामायची चौपानी

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षं, ते विचारू नका; सांगणाऱ्याच्या आजोबांनीही ती ऐकलेलीच होती. झाडीपट्टीत, जिथं गावागणिक तळं आहे, तिथल्या खैरबोडी गावात बिरजा नावाची ढिवरीण राहायची. नवरा गेलेला. मुलगा डोमा आणि सून जाळं टाकायची आणि बिरजा मासे बाजारात विकायची.

आसपास फक्त खैरबोडीच्या तळ्याच्या काठाला चौपानी उगवायची. एका देठाला चार पानं, फूल नाही की फळ नाही. शिकलेले तिला पाणनेचा म्हणतात. सगळं गाव तिची भाजी खायचं, पण तिचा गुण ओळखला तो बिरजानं. चौपानीत गुंडाळलेले मासे बाजारात पोचेपर्यंत वास मारत नाहीत, बुधलीत वाळकी पानं टाकली की तेल खवट होत नाही, हे तिच्या ध्यानात आलं. मग कुणाच्या पायात माशाचा काटा मोडला की ती तोच पाला वाटून बांधू लागली. तिनं बांधलेली जखम कधी पू धरत नसे, असं म्हणतात.

गावच्या आडकू पाटलांना टापटिपीचं भारी वेड. तळ्यात पाण्याशिवाय काही दिसायला नको होतं. एका उन्हाळ्यात त्यांनी फर्मान काढलं, काठचं सगळं मुळासकट उपटा.

"पाटील, चौपानी राहू द्या जी," बिरजा म्हणाली. "थे गवत नोहे."

"मले धानाले पाणी पायजे, भाजी नाही," पाटील म्हणाले आणि विषय संपला. गावानं एक काडी ठेवली नाही. बिरजानं तेवढं एक रोप मातीसकट मडक्यात घालून घरी नेलं.

पावसाळ्यात माणसं धानाच्या रोवणीला चिखलात उतरली आणि पाय चिघळू लागले. नऊ घरांत नऊ पाय सुजले. त्यात एक खुद्द पाटलांचा होता आणि एक डोमाचा. डोमाचा पाय काळा पडू लागला तेव्हा त्याची बायको मडकं घेऊन सासूपुढं आली. रोपाला जेमतेम सात देठ होते. खुडले असते तर एक पाय वाचला असता आणि रोप संपलं असतं.

"माय, बांध ना थो पाला," डोमा म्हणाला.

बिरजाच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "बांधला त तू एकटाच उठशीन, बाबू. मंग बाकीच्यायले काय देऊ?"

ती मडकं घेऊन तळ्यात उतरली. रोप गाळात लावलं आणि बदकांनी कुरतडू नये म्हणून तिथंच गुडघाभर पाण्यात उभी राहिली. तीन दिवस हलली नाही की जेवली नाही. असं म्हणतात, पहिल्या दिवशी तिच्या पायांभोवती हिरवं झालं, दुसऱ्या दिवशी अलीकडचा काठ भरला आणि तिसऱ्या दिवशी पलीकडचा. पाटील लंगडत पाला न्यायला आले. दुसरं कोणी असतं तर चांगलं सुनावलं असतं; बिरजानं त्यांच्या ओंजळीत पाला घातला, बस.

आठ पाय बरे झाले. डोमाला मात्र उशीर झाला. तो जगला, पण पाय वाकडा झाला तो कायमचा. त्यानं आईला कधी बोल लावला नाही. बिरजाला ते जास्त लागलं. मरेपर्यंत तिनं त्याच्या पायाकडे पाहिलं नाही, असं म्हणतात.

आजही खैरबोडीत तळं साफ करताना नऊ हात काठ तसाच सोडतात. त्याला बिरजामायचा काठ म्हणतात. तिथली चौपानी कोणी आपल्या घरासाठी खुडत नाही. घरात कुणाला जखम झाली की शेजाऱ्याला हाक मारायची आणि त्यानं खुडून आणायची, असा नेम आहे. बांधावरून वर्षानुवर्षं अबोला धरलेले सख्खे भाऊसुद्धा त्या दिवशी एकमेकांच्या दारात उभे राहतात. आणि ज्याच्या दारात हाक येते तो, कशासाठी ते न विचारता, तळ्याकडे चालू लागतो.