कूलरचं तोंड

"आणि कूलरचं तोंड इकडे का रे?" बुवांनी दारातूनच विचारलं.

"मशीन तापतं ना, बुवा." हेमराजने वाकून नमस्कार केला, पण डोळे पडद्यावरच.

वरणगावचा मे महिना. अंगाची लाही लाही होत होती. हेमराजच्या वडिलांना, दगडूअण्णांना, ऊन लागून ताप भरला होता. ते आतल्या खोलीत पडून होते, म्हणून निरंजनबुवा मठातून भेटायला आले होते. घरात कूलर एकच, आणि आमच्या शिष्यराजांनी तो लावला होता कॉम्प्युटरला! आता बोला.

"काय करतं हे?"

"कॅन्सरच्या औषधाचं गणित. एवढं मोठं, की तुकडे करून जगभर घरोघरी वाटलंय. माझ्या वाट्याचं आज संध्याकाळपर्यंत द्यायचंय. एक पैसा घेत नाही, बुवा. निष्काम सेवा... तुमचीच शिकवण." छाती चांगलीच फुगली होती.

"अण्णा?"

"झोपलेत. मघाशी बघून आलो."

"मघाशी म्हणजे कधी?"

हेमराज पुन्हा पडद्यावरचे आकडे बघू लागला.

मशीन पूर्ण ताकदीने घोंघावत होतं. कूलरची घरघर वेगळीच. बुवा पुढे झाले आणि कूलर अन् कॉम्प्युटरच्या मधोमध मांडी घालून बसले.

"बुवा, तिथे नको! वारा अडतोय."

बुवांनी डोळे मिटले.

पडद्यावर तापमानाचा आकडा चढू लागला. हेमराजचा जीव टांगणीला लागला. दुसरा कुणी असता तर दंडाला धरून उठवला असता, पण गुरूच्या अंगाला हात कसा लावायचा?

आकडा लाल झाला.

"बुवा, पाया पडतो, सरका! बंद पडेल हो ते!"

बुवा हलले नाहीत.

खट्. पडदा काळा झाला.

"गेलं! सगळ्या मेहनतीवर पाणी!" हेमराज संतापाने ओरडला. "आता कशाला हवाय वारा?" त्याने कूलरचं बटण खाडकन बंद केलं. "आता संध्याकाळची मुदत टळणार, मग हे काम दुसऱ्या कुणाला तरी देतील!"

घर एकदम शांत झालं. आणि मग आतून आवाज आला. बारीक, घसा सुकलेला. केव्हापासून चालला होता कोण जाणे.

"हेमू... पाणी दे रे... हेमू..."

हेमराजचा चेहरा पांढराफटक पडला.

बुवांनी डोळे उघडले.

"आणि हे काम कुणाला देतील?"