काळा दोरा

फार पूर्वी गोदावरीकाठच्या एका नगरात महीधर राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व कासाराच्या कुळात जन्मला. वडिलांच्या माघारी तो गुराढोरांच्या गळ्यात बांधायच्या कांशाच्या घंटा ओतू लागला.

त्या नगरात माल विकण्याची रीत जगावेगळी होती. बाजाराच्या मधोमध एक लांबलचक मंडप होता आणि त्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत जाड पडदा सोडलेला असे. अलीकडे विकणारे, पलीकडे घेणारे. पडद्याला भोके होती. घेणाऱ्याने भोकातून हात बाहेर काढायचा आणि बोटांनी बोली लावायची. ज्याची बोली चढी, त्याचा माल. महीधराच्या आजोबांनी ही रीत चांगल्या हेतूने घालून दिली होती. विकणाऱ्याने गिऱ्हाइकाचे कपडे पाहून भाव सांगू नये, एवढीच त्यांची इच्छा होती.

पडद्याला लागून प्रत्येक विकणाऱ्याचा एक खांब असे. माल पसंत पडला तर गिऱ्हाइकाने त्यावर पांढरा दोरा बांधायचा, फसवणूक झाली तर काळा. बांधणाऱ्याखेरीज तो दोरा कोणी सोडायचा नाही. काळे दोरे पांढऱ्यांहून जास्त झाले की मंडपातली जागा गेली; आणि मंडपाबाहेर बसणाऱ्याकडे नगरातले कोणी फिरकत नसे. गिऱ्हाइकासाठी मात्र विकणाऱ्याच्या हातात कसलाच दोरा नव्हता.

मग जे व्हायचे तेच झाले. चेहरा झाकला गेला आणि हात मोकाट सुटले. कोणी चढी बोली लावून माल अडवून ठेवी आणि न्यायला येतच नसे. कोणी विचारी, हीच मोठी घंटा जरा लहान करून मिळेल का, आणि लहान झाल्यावर भाव निम्मा होईल ना. बैलांच्या सणाला नेलेल्या घंटा सण उलटल्यावर परत येत. आवाज मनासारखा नाही, अशी तक्रार असे. घंटेवर गुलाल असे आणि कडीत बैलाचे केस अडकलेले असत. विकणारे निमूट पैसे परत देत. बोलणार कोणाला? समोर तर नुसता हात.

बोधिसत्त्वाच्या शेजारी नंदक नावाचा कांबळीवाला बसे. त्याचा खांब पांढराशुभ्र होता. त्यातला जवळजवळ प्रत्येक दोरा त्याने एकेक कांबळे फुकट देऊन मिळवला होता. तो म्हणायचा, "माझ्या खांबाला थंडी वाजत नाही. एवढी कांबळी त्यानेच पांघरली आहेत."

एक हात सगळ्यांच्या ओळखीचा होता. त्याच्या बोटात पाचूची अंगठी होती, म्हणून विकणारे त्याला अंगठीवाला म्हणत. एके दिवशी त्याने बोधिसत्त्वाकडून एक मोठी घंटा घेतली आणि आठवडा उलटण्याच्या आत खांबावर काळा दोरा बांधला. बोधिसत्त्वाने कारण विचारले. पडद्यामागून हलका आवाज आला, की घंटा उत्तम आहे; पण तिच्या जोडीची एक फुकट मिळाली, तर काळ्याच्या जागी पांढरा दोरा येईल.

बोधिसत्त्वाला राग आला. तो राग त्याने गिळला नाही आणि ओकलाही नाही. तो म्हणाला, "घंटा नको असेल तर आत्ता परत द्या, सगळे पैसे मोजून देतो. घंटा मी परत घेईन. दोरा विकत घेणार नाही."

आवाज हसला. "पौर्णिमा जवळ आली आहे, कासारा."

पौर्णिमेला मंडपाचा अधिकारी खांब तपासायला येई. अंगठीवाल्याच्या दोऱ्याने बोधिसत्त्वाच्या खांबावर काळे आणि पांढरे सारखे झाले होते. अजून एक काळा, की संपले. नंदकाने त्याला परोपरीने समजावले. एक घंटा गेली तर काय बिघडते, सगळेच देतात, तू काय आभाळातून पडलास, असे तो पुन्हापुन्हा म्हणत राहिला. बोधिसत्त्व साचे पुसत ऐकत राहिला. सगळेच देतात म्हणून तर मागणारा मागतो, हे त्याला दिसत होते. आज एक दिली की त्या हाताला खाज सुटणार, आणि उद्या तोच हात नंदकाच्या कांबळ्यांत आणखी खोल शिरणार.

पौर्णिमेच्या सकाळी डोंगरावरची खेमा नावाची मेंढपाळ म्हातारी मंडपात आली. पडद्याची रीत तिला एकदा कोणीतरी समजावली होती, पण ती विसरली होती. ती पडद्याला वळसा घालून सरळ बोधिसत्त्वापुढे येऊन बसली. या मंडपात गिऱ्हाइकाचा चेहरा त्याने प्रथमच पाहिला. तिने पदरातून घंटा काढली आणि डाग देऊन नीट करून मिळेल का, असे विचारले. मजुरीला तिने मूठभर जोंधळे आणले होते.

बोधिसत्त्वाने घंटा वाजवली. ती बद्द वाजली. दोष ओतकामातच होता. कांशात हवा राहिली होती. घंटा त्याच्याच हातची होती.

"आजी, ही कधीपासून अशी वाजते?"

"नेली तेव्हापासूनच. धुक्यात म्होरकी मेंढी कुठं गेली ते ऐकूच आलं नाही बघ. दरीत गेली बिचारी."

"मग तुम्ही दोरा कुठला बांधला होता?"

"पांढरा. पोटावर मारायचं का कुणाच्या? घंटेपायी माणूस कशाला वाईट करायचा."

बोधिसत्त्वाने तिला घंटेचे पैसे परत दिले, मेंढीचे पैसे दिले, आणि नवी घंटा तिच्या कानाशी वाजवून तिच्या पदरात घातली. एवढ्यावर भागण्यासारखे होते. म्हातारी समाधानी होती आणि अधिकारी मंडपाच्या दारात पोचला होता. बोधिसत्त्व काही न करता बसून राहिला असता, तर काळे आणि पांढरे बरोबरीत राहून त्याची जागा टिकली असती.

त्याने खेमाला आपला पांढरा दोरा सोडायला सांगितले. ती गोंधळली, पण तिने सोडला. मग बोधिसत्त्वाने स्वतः काळा दोरा घेतला आणि सगळ्यांच्या देखत आपल्या खांबाला गाठ मारली.

अधिकारी चक्रावला. असले काही त्याने जन्मात पाहिले नव्हते. तो हळूच म्हणाला, की सोडून टाक, आजीलाही तिचा पांढरा पुन्हा बांधू दे, मी पाहिले नाही असे धरतो.

"तुम्ही पाहा," बोधिसत्त्व म्हणाला. "अंगठीवाल्याचा काळा दोरा खोटा आहे, तो मी पैसे देऊन उतरवला नाही. हा खरा आहे; तो मी लपवणार नाही. खोट्याला भ्यायलो नाही, तर खऱ्याला कशाला भिऊ? जागा घ्या तुमची. माझा शब्द या खांबाला टांगलेला नाही."

त्याने घंटा पोत्यात भरल्या आणि तो मंडपाबाहेर करंजाच्या झाडाखाली जाऊन बसला. घंटा त्याने फांद्यांना बांधल्या. येणारेजाणारे मान वळवून बघत आणि पुढे जात. कित्येक दिवस वाऱ्याखेरीज कोणी त्या वाजवल्या नाहीत. घरातले धान्य संपत आले, तरी तो रोज येऊन बसे. मग डोंगरावरचे लोक येऊ लागले. ज्याने आपल्याच खांबाला काळा दोरा बांधला तो कासार कुठला, अशी चौकशी करीत. ते घंटा वाजवून बघत, चार शब्द बोलत आणि घेऊन जात.

एके सकाळी नंदक कांबळ्यांचा गठ्ठा डोक्यावर घेऊन झाडाखाली आला आणि शेजारी टेकला. "विकत घेतलेले सगळे दोरे ज्या त्या हाताला सोडून न्यायला सांगितले," तो म्हणाला. "खांबाला आता जरा गारठा सोसू दे."

त्याच्या मागोमाग बुरूड आला, कुंभार आला, तेली आला. एक दिवस असा उगवला, की पडद्याच्या भोकांतून हात बाहेर आले, बोटे हलली, बोली चढत गेल्या, आणि अलीकडे कोणीच नव्हते.

दुपारपर्यंत हात थकले. मग माणसे बाहेर आली, उन्हात डोळे किलकिले करीत. त्यांत पाचूची अंगठी होती. ती कालक श्रेष्ठीच्या बोटात होती. नगरात अन्नछत्र चालवणारा, सगळ्यांनी वाकून नमस्कार करावा असा हा माणूस. पण हाताच्या मानाने तो फारच लहान निघाला. त्याने खाली बघत घंटेचा भाव विचारला. बोधिसत्त्वाने त्याला तोच भाव सांगितला, जो सकाळी एका गुराख्याला सांगितला होता. कालकाने पैसे दिले आणि सवयीने विचारले, "दोरा कुठे बांधू?"

"दोरा नको," बोधिसत्त्व म्हणाला. "वाईट निघाली तर येऊन मला सांगा. मी इथेच असतो आणि माझं तोंड उघडं असतं. तुमचंही असू द्या."

पुढे राजाने पडदा उतरवला आणि धर्मशाळेत अंथरायला दिला.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, जेतवनात सांगितली. ते म्हणाले, "भिक्षूंनो, त्या वेळचा कालक म्हणजे आजचा देवदत्त. नंदक म्हणजे आनंद. खेमा म्हणजे महाप्रजापती. आणि घंटा ओतणारा तो कासार मीच होतो. बद्द घंटाही माझीच होती."

एका तरुण भिक्षूने विचारले, की पडद्यामागचे बाकीचे हात कोणाचे होते. शास्ते म्हणाले, की ते ज्याने त्याने आपल्या हातांकडे पाहून ठरवावे.

सभेत बरेच हात चीवराखाली गेले. त्या जन्मी बोधिसत्त्वाने जी पूर्ण केली, ती सत्यपारमिता, सत्याची पूर्णता.