कटरमधली नवी टिप

डोंगराच्या पायथ्याशी, रस्ता संपतो तिथे, एका मालकाचा छोटा कारखाना होता. तिथल्या संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशीनवर पोलादाच्या प्लेटी कापून सपाट केल्या जात. पंप बनवणारी एक बाई त्या प्लेटी घेई. तिची अट साधी होती: प्लेटवरून अंगठ्याचे नख फिरवले, तर ते कुठेही अडकता कामा नये. जिथे नख अडकेल, तिथून पंपाचे पाणी गळणार.

मशीनच्या गोल कटरला सहा टिपा बसवलेल्या असत. टिपा म्हणजे कटरचे दातच. एखादी टिप तुटली की मालक तेवढीच बदलायला लावी.

"बाकीच्या चालतात की अजून!" तो म्हणे. "धड दात कुणी उपटतं का?"

माणसांच्या बाबतीतही त्याची हीच रीत होती. जुने कारागीर वर्षानुवर्षे तिथेच होते. एखादा गेला, तर त्याच्या जागी एकच नवा येई.

असाच एक नवा कारागीर आला. हाताने चांगला होता, आणि ते जुन्यांनी लगेच ओळखले.

"जावईबापू, ही जड प्लेट तुमच्याकडे."

"आणि ती?"

"तीही तुमचीच. तुमचे हात ताजे. आमचे झिजले आता."

सगळे हसले. तोही हसला आणि कामाला लागला.

पण प्लेटींवर बारीक रेघा येत होत्या. त्याने मशीनचा वेग बदलून पाहिला, कापताना सोडायचे पाणी वाढवून पाहिले. रेघा जाईनात. शेवटी नवी टिपही तुटली, तेव्हा त्याने कटर काढून मालकापुढे ठेवला.

"मालक, हे बघा. पाच टिपा झिजून आखूड झाल्यात. नवी बसवली की ती एकटीच पुढे येते. रेघ तिची पडते, आणि पोलादाचा सगळा मारही तीच खाते. म्हणून ती लगेच तुटते. सहाही एकदम बदलू या."

मालकाने तुटलेली टिप चिमटीत धरली. "नव्या मालात दमच नाही राहिला. जुन्या बघ, अजून जागेवर बसल्यात."

"मालक, त्या कापतच नाहीत. म्हणून टिकल्यात."

चहा पिणाऱ्या जुन्यांपैकी एक ओरडला, "ऐकलं का रे? जावई आपल्याबद्दल बोलतोय!"

 नवा खरोखर टिपांबद्दलच बोलत होता.

मालकाने एकच टिप बदलली.

पुढच्या खेपेला बाईने प्लेटवरून नख फिरवले. नख अडकले.

"दादा, आणखी एकदा बघेन. मग नाही येणार."

मालक घाबरला. त्याने सगळ्याच प्लेटी नव्या कारागिराच्या अंगावर टाकल्या. जुन्यांपैकी कुणी हात लावला नाही. थकून थकून एके दिवशी त्याच्याकडून प्लेट सैल बांधली गेली आणि कटरखाली ती सरकली. प्लेट वाया गेली.

"हल्लीची माणसंच कच्ची," मालक म्हणाला आणि त्याने त्याला काढून टाकले. कारागीर जेवणाचा डबा उचलून निघून गेला. त्याच्या जागी दुसरा नवा आला. जुन्यांनी त्यालाही जावईबापू म्हटले.

बाई आली. तिने नख फिरवले. ते अडकले.  प्लेट हळूच खाली ठेवून ती गेली, ती परत आलीच नाही. दुसरे गिऱ्हाईक नव्हते; काम संपले. दुसरा नवा गेला, मग जुनेही एकेक करून दुसरीकडे गेले.

रिकाम्या कारखान्यात एके सकाळी मालकाने स्वतः कटर खोलला. हट्ट सोडून सहाही टिपा नव्या बसवल्या आणि उरलेली एक प्लेट मशीनवर चढवली. मशीन एकसारखे, शांत चालले. प्लेट पुसून त्याने तिच्यावरून नख फिरवले. आडवे फिरवले, उभे फिरवले. ते कुठेही अडकले नाही.

"बघा रे, इकडे या!" त्याने हाक मारली.

कुणीच आले नाही. तो प्लेटवरून नख फिरवत राहिला.

तात्पर्य: झिजलेल्यांच्या रांगेत एकट्यालाच मार खायला पुढे करायचे आणि तो मोडला की त्यालाच कच्चा म्हणायचे, अशाने कामही बिघडते आणि माणूसही हातचा जातो.